जुरीत बसलेल्या माणसाला आरोपीचा चेहरा बाजूला ठेवता येतो का?

सुरसागरकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे पण प्लीज पूर्ण वाचा, पंधरा दिवस झाले डोक्यातून जात नाहीये आणि घरात बोलायला जावं तर सगळे म्हणतात झालं ना आता, सोड.

माझी ताई, म्हणजे मावशीची मुलगी पण बडोद्यात दांडिया बाजारात एकाच वाड्यात वाढलो त्यामुळे सख्खीच म्हणा, लग्न होऊन न्यू जर्सीला गेली आणि आता तिकडची सिटिझन आहे. मध्यंतरी तिला जुरी ड्यूटीचं पत्र आलं, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या साध्या नागरिकांच्या गटात बसायचं. मला वाटायचं एखाद दिवस जाऊन बसायचं असेल, पण तिची निवड झाली आणि अख्खा खटला ऐकावा लागला. केस चालू असेपर्यंत घरी नवऱ्याशीसुद्धा त्याबद्दल बोलायचं नाही असं कोर्टाने बजावलेलं, ती बोललीही नाही. निकाल लागला त्या रात्री तिचा मला फोन आला, आपल्याकडे सकाळचे सात, मी गॅसवर चहा ठेवलेला, तो आटून पातेलं काळं झालं तरी आम्ही बोलतच होतो.

केस अशी की रात्री एका दुकानात चोरी झाली आणि पळताना चोराने तिथल्या नोकराला ढकललं, त्याचा हात मोडला. आरोपी पंचविशीतला मुलगा. मानेवर पार कानापर्यंत टॅटू, पुढचा एक दात तुटका, आणि ताईच्याच शब्दांत सांगते, "बघितल्यावर हातातली पर्स घट्ट धरावी असा." नोकराने त्याला ओळखलं. कॅमेऱ्यात जो दिसतो त्याने टोपी खाली ओढलेली, चेहरा धड कळत नाही. आरोपीच्या वकिलाने एका पेट्रोल पंपाची पावती दाखवली की त्या वेळी हा दुसरीकडे होता, त्यावर सरकारी वकील म्हणाले पावती कोणाचीही असू शकते. मग बाराजण खोलीत बसले. एक बाई पहिल्याच मिनिटाला म्हणाल्या, मला तर तो पहिल्या दिवशी आत आला तेव्हाच कळलं होतं. कोणी काही बोललं नाही. ताईही नाही, कारण तिलाही अगदी तेच वाटलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराही जण दोषी म्हणाले.

ताई म्हणते पुरावा होता गं, मी काही खोटं नाही केलं. आणि लगेच पुढच्या वाक्याला म्हणते, पण तोच मुलगा आपल्या वाड्यातल्या मुलांसारखा चष्मा लावून, भांग पाडून समोर बसला असता तर मी त्या पावतीकडे दोनदा बघितलं असतं का?

मला यातलं काही येत नाही, मी बँकेत आहे. पण मला खरंच जाणून घ्यायचंय की हे असं होतं का, दिसण्याने निकाल फिरतो का, की ताईला उगाच अपराधी वाटतंय? तिकडे याच्यावर काही नियम नाहीत का? आणि आपल्याकडे जुरी नाही म्हणजे आपण यातून सुटलो का? कोणी वकिली केली असेल, कोणी याचा अभ्यास केला असेल तर सांगा. ताईला पाठवणार आहे.

रावपुऱ्याचा वकील (निवृत्त)

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नकोस. चौतीस वर्षं फौजदारी बाजू चालवली, जास्त करून आरोपींच्याच बाजूने. तुझ्या ताईला उगाच वाटत नाहीये. तिला जे वाटलं ते कोर्टात बसणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, तिने ते उघड बोलून दाखवलं एवढंच.

आधी तिकडच्या नियमांचं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७६ साली एस्टेल विरुद्ध विल्यम्स या केसमध्ये सांगितलं की आरोपीला तुरुंगाच्या ओळखू येणाऱ्या कपड्यांत जबरदस्तीने जुरीसमोर बसवता येणार नाही. कारण साधं आहे, तो कपडा रोज जुरीच्या डोळ्यांसमोर राहतो आणि न बोलता सांगत राहतो की हा आतलाच माणूस आहे. गंमत नाही, शोकांतिका म्हण, ज्याने ही केस नेली तो स्वतः हरला, कारण खटल्याच्या वेळी त्याच्या वकिलाने कपड्यांवर हरकतच घेतली नव्हती. मग २००५ साली डेक विरुद्ध मिझुरीत ठरलं की शिक्षा ठरवायच्या टप्प्यावरसुद्धा आरोपीला जुरीला दिसतील अशा बेड्या घालून बसवायचं नाही, तशीच खास गरज असल्याशिवाय. म्हणजे कोर्टांना माहीत आहे की डोळे फसवतात. पण कपडे आणि बेड्या काढता येतात, चेहरा काढून ठेवता येत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. तिकडे गरीब आरोपींचे जे सरकारी वकील असतात त्यांच्या बऱ्याच ऑफिसांत कपाटभर शर्ट-पँट-कोट ठेवलेले असतात, लोकांनी दान दिलेले, खटल्याच्या दिवशी आरोपीला घालायला.

ते कपाट मला फार समजतं. आपल्याकडे कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे घालता येतात, पण जे अंगावर होते तेच चार-चार महिने चालले तर ते कपडे कसले. कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं त्याआधीची, न्यायमंदिरातली गोष्ट आहे. माझा एक अशील होता, एकवीस वर्षांचा, मारामारीत अडकलेला. त्याची आई दर मुदतीला वाडीतून चालत यायची, पिशवीत एक शर्ट, इस्त्री केलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेला की घडी मोडू नये. जाप्त्यातले, म्हणजे कैद्यासोबतचे, पोलीस मुलाला घेऊन आले की ती पुढे व्हायची आणि नव्वद टक्के वेळा तिला बाजूला करायचे. शर्ट तसाच परत जायचा. एकदा एका हवालदाराने व्हॅनच्या मागे दोन मिनिटं दिली, मुलाने तिथे उभ्या उभ्या शर्ट बदलला आणि आई त्याची कॉलर नीट करत होती तेवढ्यात पुकारा झाला. त्या दिवशी निकाल बदलला असं मी म्हणणार नाही, तशी ती तारीखही नव्हती. पण त्या दिवशी तो मुलगा पहिल्यांदा मान वर करून उभा राहिला. आणि मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसाकडे बघून लोकांना काय वाटतं, ते मी इतकी वर्षं बघितलंय.

आपल्या जुरीबद्दल उद्या लिहितो, डोळे दुखतायत.

फतेगंजमास्तरीण

मी मानसशास्त्र शिकवते. ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, हो, होतं. पण किती आणि कधी, ते नीट बघायला हवं, कारण "सुंदर माणूस सुटतो" एवढंच सांगितलं तर ते अर्धवट आहे.

१९७५ चा सिगॉल आणि ऑस्ट्रोव्ह यांचा प्रयोग मी दरवर्षी वर्गात सांगते. १२० विद्यार्थ्यांना एका बाईची केस वाचायला दिली आणि किती वर्षं शिक्षा द्याल विचारलं. काहींच्या कागदावर देखण्या बाईचा फोटो, काहींच्या साध्या चेहऱ्याचा, काहींच्या फोटोच नाही. गुन्हा घरफोडीचा होता तेव्हा देखणीला सरासरी २.८० वर्षं, साध्या चेहऱ्याला ५.२०, आणि फोटो नसलेलीला ५.१०. हा तिसरा आकडा महत्त्वाचा आहे बरं का, फोटो नसणं आणि साधं दिसणं यात फरक पडला नाही, सूट मिळाली ती फक्त देखणेपणाला. आता तीच बाई, पण गुन्हा बदलला, एका माणसाला गोड बोलून पैसे गुंतवायला लावून फसवलं, तर देखणीला ५.४५ आणि साधीला ४.३५. आकडे उलटले! म्हणजे तिने रूप वापरून फसवलं असं वाटलं की तेच रूप तिच्या अंगावर आलं. माणसं नुसता चेहरा बघत नाहीत, चेहरा आणि गुन्हा एकमेकांना शोभतात का ते बघतात. ताईंच्या केसमध्ये टॅटू आणि दुकानातली चोरी हे त्या बाईंच्या डोक्यात शोभलं, म्हणून "आत आला तेव्हाच कळलं".

हे झालं विद्यार्थ्यांचं, खऱ्या कोर्टात काय होतं? डाउन्स आणि लायन्स या दोघांनी १९९१ मध्ये टेक्सासमधल्या खऱ्या न्यायाधीशांचे आकडे मांडले. किरकोळ गुन्ह्यांत दिसायला बऱ्या आरोपींना दंड आणि जामिनाची रक्कम कमी लागलेली दिसली, गंभीर गुन्ह्यांत मात्र तसा संबंध दिसला नाही. हे न्यायाधीश होते, जुरी नव्हे, हे लक्षात घ्या म्हणजे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचंही थोडं उत्तर मिळेल.

आणि जे सांगताना मला दरवेळी त्रास होतो ते आता. २००६ मध्ये जेनिफर एबरहार्ट यांच्या गटाने फिलाडेल्फियातल्या खुनाच्या अशा केसेस काढल्या जिथे फाशी होऊ शकत होती. त्यातल्या काळ्या आरोपींचे फोटो विद्यार्थ्यांना दाखवले, हे कोण आहेत ते न सांगता, आणि फक्त एवढं विचारलं की यांचा चेहरा लोकांच्या मनातल्या "काळ्या माणसा"शी किती जुळतो. ज्या केसमध्ये मेलेला माणूस गोरा होता तिथे कमी जुळणाऱ्यांपैकी २४.४ टक्क्यांना फाशीची शिक्षा झालेली, जास्त जुळणाऱ्यांपैकी ५७.५ टक्क्यांना. सगळे काळेच, तरी नाक-ओठ-रंग याच्यावर एवढा फरक. २०१५ मध्ये विल्सन आणि रूल यांनी फ्लोरिडातल्या कैद्यांचे फोटो घेतले, फाशी झालेले आणि जन्मठेप झालेले, आणि अनोळखी लोकांना विचारलं यांच्यावर किती विश्वास ठेवाल. फाशीवाल्यांचे चेहरे कमी विश्वासाचे वाटले. आता कोणी म्हणेल की चेहऱ्यावर पाप दिसतंच, म्हणून त्यांनी नंतर निर्दोष ठरून सुटलेल्या लोकांचे फोटोही घेतले. तिथेही तेच निघालं. काही न केलेल्या माणसालाही त्याच्या चेहऱ्याने जास्त कडक शिक्षेपर्यंत नेलेलं.

ताईंना एक गोष्ट मात्र नक्की सांगा. शिकागोच्या कॅल्व्हन आणि झायझेल यांनी १९६६ मध्ये अमेरिकन जुरीवर एक मोठा अभ्यास छापला, ३,५७६ खटल्यांत जुरीने काय ठरवलं आणि तिथल्या न्यायाधीशाने एकट्याने काय ठरवलं असतं हे ताडून पाहिलं. ७८ टक्के वेळा दोघांचं मत सारखं. त्यांनी हेही मांडलं की पुरावा एका बाजूला भक्कम असतो तेव्हा जुरी पुराव्यामागेच जाते, आपल्या आवडीनिवडीला वाट मिळते ती पुरावा डळमळीत असेल तिथे. म्हणून ताईंनी "मी वाईट आहे का" हे विचारून काही हाती लागणार नाही. "तो पुरावा खरोखर भक्कम होता की डळमळीत" हे विचारावं.

प्रतापनगर गॅरेजवाला

मी कधी इथे लिहित नाही, वाचतो फक्त. पण आज लिहितो.

मी चार वर्षांचा असताना घरात स्टोव्ह भडकला, डावा गाल आणि डोळ्याची पापणी भाजली. डोळा पूर्ण मिटत नाही आणि झोपतो तेव्हापण थोडा उघडा राहतो. त्यामुळे मी कोणाकडे नुसता बघत असलो तरी समोरच्याला वाटतं डोळे वटारून राहिलाय. रात्री दुकान बंद करून घरी जाताना नाक्यावर मलाच थांबवतात, माझ्या मागे बसलेल्या भाच्याला नाही. याची सवय झालीय.

पण काही वर्षांपूर्वी सोसायटीत पार्किंगवरून भांडण झालं, धक्काबुक्की दोघांची झाली, फिर्याद त्यांनी आधी दिली म्हणून आरोपी मी. मी घाबरून गेलेलो, आयुष्यात पहिल्यांदा कोर्ट बघत होतो. ते साहेब खाली वाचत होते, मी त्यांच्याकडे बघत उभा, आता कुठे बघणार दुसरीकडे. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "असं काय बघतोस? कोर्टात आहेस." माझ्या तोंडातून आवाजच निघेना. माझ्या वकीलबाई पटकन उठल्या, म्हणाल्या साहेब लहानपणी भाजलंय, पापणी मिटत नाही. कोर्टात एकदम शांत झालं. साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बसा तुम्ही." तू चा तुम्ही झाला. नंतर सगळं व्यवस्थित झालं, समझोता झाला, साहेब चांगलेच होते, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

पण मी घरी येऊन बायकोला म्हणालो की वकीलबाई त्या दिवशी रजेवर असत्या तर? त्यांच्या ठिकाणी दुसरा कोणी असता ज्याला माझ्या भाजण्याचं माहीतच नसतं तर? मला स्वतःला उठून सांगायची हिंमत नव्हती. तुमच्या ताईच्या केसमधल्या मुलाच्या वकिलाने त्याचा दात कसा तुटला हे कोणाला सांगितलं का, विचारा. दात काही फक्त मारामारीत तुटत नाही. माझ्याकडे काम करणाऱ्या पोराचा पाना सटकून तुटलाय.

मिहिर वाडीवाला

गॅरेजवाले भाई, वाचून वाईट वाटलं खरंच. पण मी थोडं वेगळं बोलतो, राग नको. दिसण्याकडे बघूच नका हे बोलायला सोपं आहे. माणूस खोटं बोलताना चाचरतो, घाम फुटतो, नजर चुकवतो, हे आपण रोज बघतो. दुकानात गिऱ्हाईक उधार मागायला आलं की मी तोंड बघूनच ठरवतो आणि दहात आठ वेळा बरोबर ठरतो. मग जुरीला डोळे दिलेत कशाला, सरळ पडदा लावा आणि आरोपीला मागे बसवा, नुसते कागद वाचून निकाल द्या. आणि टॅटू काही जन्मतः येत नाही, तो त्याने स्वतः काढून घेतलाय, त्यावरून माणसाबद्दल काहीच समजू नये हे मला पटत नाही.

रावपुऱ्याचा वकील (निवृत्त)

मिहिरभाई, तुमचं म्हणणं कायद्यालाही थोडंफार मान्य आहे, म्हणून नीट उत्तर देतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २८० मध्ये होतंच की साक्षीदार साक्ष देताना कसा वागला, याबद्दल न्यायाधीशाला महत्त्वाचं वाटेल ते त्याने टिपून ठेवावं. पण शब्द बघा, साक्ष देताना कसा वागला. माणूस प्रश्नाला कसा सामोरा जातो ही एक गोष्ट आणि त्याचं नाक-डोळे-दात ही दुसरी. गॅरेजवाल्या भाईंच्या बाबतीत साहेबांनी दुसरी गोष्ट बघितली आणि ती पहिली समजले. चांगल्या माणसाकडूनही हे इतकं पटकन होतं. घाम फुटण्याचं तर विचारूच नका, मी निर्दोष माणसांना इतका घाम फुटलेला पाहिलाय की साक्षीचा कागद भिजावा, आणि मुरलेले लोक थंडगार बसलेले पाहिलेत. तुमच्या उधारीचं म्हणाल तर ज्याला तोंड बघून नाही म्हणालात तो पैसे परत करणारा होता की नाही हे तुम्हाला कधी कळतच नाही. ते तुमच्या दहांत मोजलं जात नाही.

पडद्यामागे बसवता येत नाही कारण आपल्यावरचा खटला आपल्यासमोर चालणं हा आरोपीचा हक्क आहे, साक्षीदाराने त्याच्या तोंडावर सांगायला हवं. पण जिथे चेहऱ्याने घात होऊ शकतो तिथे काळजी घेता येते, आपल्याकडे ओळख परेडीत घेतातच. संशयिताबरोबर साधारण त्याच वयाची, तशाच बांध्याची माणसं उभी करायची. गालावर व्रण असेल तर त्या जागी कागदाची पट्टी चिकटवायची, आणि नुसती त्याला नाही, रांगेतल्या सगळ्यांना तिथेच तशीच पट्टी. मी एकदा तो सगळा प्रकार बघितलाय, आठ जण, आठही जणांच्या उजव्या गालावर पांढरी पट्टी, आणि ज्या साक्षीदाराने ठाण्यात छातीठोक सांगितलेलं तो रांगेसमोर दोनदा इकडून तिकडे फिरला आणि गप्प उभा राहिला. त्याला माणूस आठवतच नव्हता, व्रण आठवत होता. बेटा, तुझ्या ताईच्या केसमध्ये नोकराने त्या मुलाला ओळखलं म्हणतेस. चेहरा ओळखला की टॅटू, हे कोणी विचारलं का?

आता आपल्या जुरीचं. लोक सांगतात की नानावटी केसमुळे, म्हणजे बायकोच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या खटल्यामुळे, जुरी गेली. पूर्ण खरं नाही. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच जुरी बंद करा म्हटलं होतं आणि नानावटींची गोळी सुटली एप्रिल १९५९ मध्ये. त्या खटल्यानंतरही काही ठिकाणी जुरी चालू होती, पुरती गेली ती १९७३ च्या नव्या संहितेने. पण दिसण्याबद्दल बोलायचं तर नानावटींसारखं उदाहरण नाही. नौदलाचा कमांडर, उंचापुरा, कोर्टात पांढऱ्या गणवेशात पदकं लावून यायचा. जुरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं. सेशन्स जज मेहतांना तो निकाल पुराव्याशी इतका विसंगत वाटला की त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये ती कायम केली. वर्तमानपत्रांनी वातावरण तापवलेलं होतं, त्यामुळे सगळं गणवेशावर ढकलता येणार नाही. पण मास्तरीणबाई म्हणतात त्या देखणेपणाच्या सुटीला आपल्याकडे याहून ठसठशीत नमुना मला आठवत नाही. तिथेही जुरीने एक चेहराच बघितला होता, फक्त तो आवडलेला चेहरा होता.

जुरी गेली म्हणून आपण सुटलो का? अर्धे. आपल्या न्यायाधीशाला निकालपत्रात कारणं लिहावी लागतात. "मला पहिल्या दिवशीच कळलं" हे वाक्य लिहून खाली सही करता येत नाही, वरचं कोर्ट ते फाडून टाकेल. लिहायला बसलं की हातातला पुरावा किती आहे ते स्वतःलाच दिसतं. जुरी मात्र एक शब्द बोलते, दोषी किंवा निर्दोष, आणि घरी जाते, का ते कोणी विचारत नाही. पण आपल्याकडेही सगळं काही पानपानभर कारणांनी ठरत नाही. जामिनाच्या दिवशी पाच मिनिटांत ठरतं, कोणाला थांबवायचं ते नाक्यावर पाच सेकंदांत ठरतं. बेड्या सरसकट घालू नका असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्येच प्रेमशंकर शुक्ला केसमध्ये बजावलं होतं, तरी त्यानंतर कित्येक वर्षं मी दोरीला बांधून आणलेली पोरं बघत होतो.

मांडवीची मंदाताई

वकीलसाहेबांनी नानावटी सांगितला, पण आपल्या बडोद्यातच याच्या कितीतरी आधी एक खटला झाला तो कसे विसरलात? १८७५ चा मल्हारराव महाराजांचा. रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअरच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा आरोप, सोमल आणि हिऱ्याची पूड. आमच्या आजी ही गोष्ट सांगायच्या तेव्हा आम्ही महिनाभर सरबत प्यायलो नव्हतो.

त्यासाठी सहा जणांचं कमिशन बसवलेलं. तीन इंग्रज, अध्यक्ष सर रिचर्ड काउच, आणि तीन आपले, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा नामांकित बॅरिस्टर आला. सहाही जणांनी तेच साक्षीदार ऐकले, तीच उलटतपासणी, समोर तोच माणूस. आणि निकाल? तिन्ही इंग्रज म्हणाले दोषी, तिन्ही हिंदुस्थानी म्हणाले सिद्ध होत नाही. सरकारने शेवटी गैरकारभाराचं कारण देऊन महाराजांना पदच्युत केलंच, मग आधीच्या महाराजांच्या विधवा जमनाबाईंनी दत्तक घेतले ते आपले सयाजीराव.

मी इतिहास शिकवायचे, मला यात सगळ्यात जास्त हे टोचतं की सहापैकी कोणी मुद्दाम खोटं बोलत होता असं मानायची गरज नाही. तीन जणांना समोर एक राजा दिसत होता आणि तीन जणांना एक बिघडलेला नेटिव्ह दिसत होता. म्हणून मला वाटतं आरोपी कसा दिसतो याच्याइतकाच बघणारा कोण आहे हाही प्रश्न आहे. सुरसागरकाठची, तुझ्या ताईच्या बारा जणांत त्या मुलाच्या वस्तीतला, त्याच्यासारखं दिसणाऱ्या घरातला एक तरी होता का गं? अंगावर टॅटू असलेला एक जरी त्या खोलीत असता तर त्या बाईंनी ते वाक्य तसं बोललं असतं का?

आणि मिहिर, बाळा, दिसण्यावरून ठरवायला सुरुवात झाली की ते एका माणसापाशी थांबत नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा जायला १९५२ उजाडलं. त्यातल्याच एका जमातीच्या, अहमदाबादच्या छारानगरातल्या मुलांना आजही कुठे राहतोस विचारल्यावर पत्ता सांगायला जड जातं. त्यांनी तर टॅटूही काढलेला नाही.

मिहिर वाडीवाला

मंदाताई, उधारीचं जे वकीलकाकांनी लिहिलं ते डोक्यात बसलंय. दुपारपासून आठवून राहिलोय की कोणाकोणाला नाही म्हणालो. टॅटूचं माझं मत अजून तेच आहे, पण टॅटू म्हणजे चोरी नाही हे मान्य.

फतेगंजमास्तरीण

गॅरेजवाले भाऊ, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या वकीलबाईंनी जे केलं तेच खरं तर उपयोगी पडतं, जे डोळ्यांना दिसतंय त्याचं कारण मोठ्याने सांगून टाकायचं. न बोललेली गोष्टच आतून काम करत राहते. ताईंच्या खोलीत त्या बाईंनी निदान बोलून तरी दाखवलं, तिथेच कोणी "का बरं कळलं?" एवढं विचारलं असतं तर ते टेबलावर आलं असतं आणि त्यावर बोलता आलं असतं.

सुरसागरकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी सगळं वाचून दाखवलं ताईला, काल रात्री दीड तास. गॅरेजवाल्या दादांचं वाचताना मला दोनदा थांबावं लागलं आणि तिकडून तीही बोलत नव्हती.

तुमचे प्रश्न तिला विचारले. दात कसा तुटला ते कोणी सांगितलं नाही. नोकराने पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंवरून ओळखलं होतं, त्यातल्या बाकीच्यांना टॅटू होते का हे तिला आठवत नाही, बहुतेक विचारलं गेलं नाही. त्या मुलासारख्या घरातलं बारात कोणी नव्हतं, मंदाताई.

मग वकीलकाकांचं ते कपाटाचं लक्षात आलं म्हणून सहज विचारलं, त्याने कपडे काय घातलेले गं? एका सेकंदात म्हणाली, निळा शर्ट, फिकट निळा, तिन्ही दिवस तोच, गळ्याला मोठा होत होता, पाठीवर कोणीतरी आधी घालून धुतलेल्या कपड्याला असतो तसा पिवळट डाग, आणि टॅटूची वरची रेघ कॉलरच्या बाहेर येत होती ती तो सारखी हाताने झाकायचा. हाताने झाकायचा हे मला आत्ता आठवलं, म्हणाली. तेव्हा मला वाटलेलं की तो अस्वस्थ आहे, काहीतरी लपवतोय.

मी विचारलं, आणि त्या पेट्रोल पंपाच्या पावतीवर वेळ किती होती?

खूप वेळ काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, नाही आठवत.

आज सकाळी तिचा मेसेज आलाय, त्या मुलाच्या वकिलाला एक पत्र लिहायचं आहे, तिकडे जुरीतल्या माणसाने निकालानंतर असं लिहिलेलं चालतं का आणि कोणाला पत्ता करून लिहायचं, कोर्टाला की वकिलाला? वकीलकाका, तुमच्या ओळखीत तिकडे वकिली करणारं कोणी असेल तर प्लीज सांगा. ती म्हणते आधी विचारून घ्यायचंय, उशीर करायचा नाहीये.